संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या वाडीत चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पट १४. ती खालच्या गावातल्या शाळेत विलीन करायची म्हणून पालकांकडे संमतीपत्रे मागताहेत. मोर्चा काढावा का?

उत्तर : मोर्चा नंतर काढा. आधी एकाही पालकाने सही करू नये. ‘गाडी येईल, भत्ता मिळेल’ हे तोंडी राहते आणि सही तेवढी फाइलला लागते. पुढे तीच ‘पालकांची मागणी’ म्हणून दाखवता येते. घाबरून मुलांचे दाखलेही काढू नका. चार दाखले गेले की पट १० वर येतो आणि शाळेची बाजू तिथेच पडते.

शिक्षण हक्काच्या राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी अंतर १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर धरले आहे. नकाशावरचे सरळ अंतर मान्य करू नका. वाडीतल्या सगळ्यात लांबच्या घराच्या उंबऱ्यापासून नव्या शाळेच्या फाटकापर्यंत पायवाट मोजा आणि दुसरीतले पोर दप्तर घेऊन किती मिनिटांत पोचते तेही लिहा. ओढ्यावर साकव आहे का, पाणी कुठवर चढते, गवे कुठे उतरतात, याची नोंद चालता चालताच करा. फोटो जुलैतले हवेत. एप्रिलचा कोरडा ओढा तुमच्याच विरुद्ध जाईल.

मग पट. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवताना, ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात आणि आधार जुळलेलीच मुले मोजतात. आधारवर ‘श्रेयश’ आणि जनरल रजिस्टरला ‘श्रेयस’, एवढ्यानेही मूल बाद ठरते. मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या नावांची यादी आजच घ्या आणि दुरुस्त्या ऑगस्टमध्येच उरका. अंगणवाडीतून पुढच्या दोन वर्षांत पहिलीत येणाऱ्यांची नावे काढा. ऊसतोड कामगारांची मुलेही दाखल करून घ्या, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

हे हाती आले की शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. तशी नसेल तर ती आधी नीट करा, नाहीतर ठरावावर बोट ठेवले जाईल. त्यानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या लागते. हजेरीवरच्या सह्या सभेतच घ्या, दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून नको. शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या मोफत शिक्षणाचा दाखला भाषणात जरूर द्या, ठरावात मात्र अंतर, पट आणि ओढा एवढेच असू दे. प्रती गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्या. प्रत्येक प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

प्रश्न : विलीनीकरणाच्या प्रस्तावाची प्रत कोणी देत नाही. काय करावे?

उत्तर : माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, मुदत ३० दिवसांची. ‘शाळा का बंद करता?’ असे विचारू नका, कारणे विचारली की अर्ज निकाली निघतो. कागद मागा : प्रस्तावाची प्रत, अंतर मोजल्याचा अहवाल, केंद्रप्रमुखांचा अभिप्राय, जोडलेली संमतीपत्रे. संमतीपत्रांवरच्या सह्या घरोघर जाऊन पडताळा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे मुंबईची खेप वाचली. पण वकिलाकडे जाताना हे कागद पिशवीत हवेत.