सकाळपासून पाणी किती प्यायलं?

"आई-बाबांना एवढ्या हौसेनं यात्रेला नेलं आणि भांडून परत आलो." मे महिन्याच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर हे वाक्य मला समुपदेशनाच्या खोलीत दरवर्षी ऐकायला मिळतं. बोलणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, कधी सून. त्यामागोमाग प्रश्न येतो, "आमचंच असं होतं का? आणि पुन्हा न्यायचं की नाही?"

इथे सांगते ते कुटुंब पुण्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा पंचेचाळिशीचा. आला तोच म्हणाला, "मॅडम, आईला विसरायला व्हायला लागलंय, असं वाटतंय. आणि ती फार चिडते."

झालं होतं ते असं. सात आसनांची गाडी, सहा माणसं, मे महिना आणि दोन दिवसांत अष्टविनायक. पहिल्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, रात्री ओझरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ओझरचं दर्शन, मग लेण्याद्री आणि तिथून महड, पाली करून रात्री घरी. ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या दोन दिवसांत आठ गणपती करतात, तर आपल्याला काय अवघड, असा त्याचा हिशोब. सगळं मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाडी चालवणारा हा एकटा.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईंनी डोलीला ठाम नकार दिला. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जाऊ का?" म्हणाल्या. अर्ध्यावर गेल्या आणि बसल्या. मग विचारलं, "थेऊर झालं का रे?" थेऊर आदल्या दिवशी झालं होतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. सुनेनं हात धरायला पाहिलं, तर झटकला. "मला इथेच सोडून जा," असं चारचौघांत मोठ्यानं म्हणाल्या. मुलाचा तोल गेला. मग नवरा-बायकोत जुंपली. महड आणि पाली राहिलेच. घरापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि त्या दिवसापासून आईंचं एकच पालुपद, "माझी यात्रा अर्धवट राहिली. आता मी कुठे येत नाही."

मी डॉक्टर नाही. साठीपुढच्या माणसाला अचानक गोंधळल्यासारखं झालं असेल, तर माझ्या खुर्चीसमोर बसण्याआधी त्याने डॉक्टरांसमोर बसावं, हा माझा नियम आहे. त्यांनाही तेच सांगितलं. रक्त तपासलं, स्मरणशक्तीची चाचणी झाली, काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी मात्र त्या दोन दिवसांत किती पाणी प्यायलं, हे विचारलं होतं. मुलाला उत्तर देता आलं नव्हतं. गाडीत वीस लिटरचा जार होता, एवढंच तो सांगत राहिला.

पुढच्या भेटीत मी काकूंना एकट्यानं बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. त्या आधी हसल्या, मग पदर सारखा करत म्हणाल्या, "ताई, प्रवासात मी पाणी पीतच नाही." पहाटे चारला अर्धा कप चहा, त्यानंतर प्रत्येक देवळात तीर्थ, बस्स. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांपैकी जिने लघवीला जास्त होतं ती गोळी त्यांनी दोन्ही दिवस घेतलीच नव्हती. पाकीट पर्समध्ये होतं, कुणाला दिसू नये म्हणून आतल्या कप्प्यात.

का, असं विचारल्यावर त्या बराच वेळ बोलल्या. गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही, बसलं तर उठताना भिंतीला धरावं लागतं, आणि भिंती कशा असतात ते तुम्हाला माहीतच आहे. कमोड कुठे असेल ते आधी कळत नाही. "मोरगावच्या पुढे एकदा म्हटलं, थांबव. तो म्हणाला, आई, आत्ताच तर थांबलो होतो. रागावून नाही म्हणाला हो. पण मग मी ठरवलं, नकोच."

हे मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की आता प्रवासातल्या भांडणाची कुठलीही गोष्ट आली, की पहिला प्रश्न पाण्याचा विचारते. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. शरीरात पाणी कमी पडलं तरी जीभ ते सांगत नाही. त्यात मे महिन्याचं ऊन, रिकामं पोट आणि पायऱ्या. माणूस चिडतं, डोकं दुखतं, चक्कर येते, कालचं आज आठवत नाही. घरच्यांना दिसतो तो स्वभाव. आणि "आई नेहमीच अशी करते" हे एकदा तोंडून गेलं, की पुढे कुणी काही विचारतच नाही.

मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. मी कागदावर गाडी काढली आणि कोण कुठे बसलं होतं ते लिहायला लावलं. हे मी मुद्दाम करते, कारण भांडणाबद्दल बोलताना माणसं वकील होतात, जागांबद्दल बोलताना नाही. पुढे बाबा, कारण पुढची जागा मानाची. मधल्या रांगेत आई आणि चौदा वर्षांची नात. सगळ्यात मागे सून आणि नऊ वर्षांचा नातू, कारण त्याला गाडी लागते आणि पिशवी धरायला आई हवी. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला पाय लांब करता येणार नाहीत अशी जागा, आणि गाडी लागणाऱ्या पोराला जिथे जास्तीत जास्त हेलकावे बसतात ती जागा. कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. कुणी विचारच केला नव्हता.

काकूंनी पाण्याचं आणि गोळीचं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगा गप्प झाला. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, मीही दुपारपर्यंत पाणी प्यायले नव्हते." आणि मग नातीकडे न बघता, हळू आवाजात पुढचं. तिची तारीख नेमकी त्याच आठवड्यात होती. देवळात जायचं म्हणून तिने पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती, डॉक्टरांना न विचारता, मागच्या लग्नातली उरलेली. पोट फुगलेलं, डोकं जड, रडू येईल असं वाटत होतं. सासूने हात झटकला तेव्हा ते सगळं एकदम बाहेर आलं.

त्या गाडीत एकीने घ्यायची गोळी टाळली होती आणि दुसरीने टाळता आली असती ती घेतली होती. दोघींनीही यात्रा नीट पार पडावी म्हणूनच केलं होतं. सून बोलायची थांबली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं होतंस. आठ दिवसांनी गेलो असतो." पाळीत देवळात जावं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग, त्यावर मी मत देत नाही. पण तारखा ठरवताना घरातल्या बायकांना विचारावं, एवढं मात्र मी आग्रहानं सांगते. पाळी पुढे ढकलायची गोळी सगळ्यांना चालत नाही. विशेषतः रक्तात गुठळी होण्याचा त्रास आधी झालेला असेल, तर ती धोक्याची ठरू शकते.

मुलाबद्दलही सांगायला हवं, कारण इथवर वाचताना त्याचा राग आला असेल. आदल्या वर्षी त्याच्या जवळच्या मित्राचे वडील अचानक गेले होते. पंढरपूरला न्यायचं, न्यायचं म्हणत राहून गेलं, हे मित्राचं रडणं त्याच्या मनात बसलं होतं. म्हणून दोन दिवसांत आठ. कुठलाही गणपती राहायला नको होता. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी ते ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मी मागे बसतो."

काकूंच्या मनातला सल मात्र अजून तसाच होता. महडला गाभाऱ्यात जाऊन आपल्या हातानं पूजा करता येते, ही तिथली प्रथा. त्यासाठी त्यांनी घरून दूर्वांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. ती गाडीतच वाळली. आणि आठांतला एकच गणपती भक्ताच्या नावानं ओळखला जातो, तो पालीचा बल्लाळेश्वर. त्या लहानग्या बल्लाळाची गोष्ट नातवाला त्याच देवळात बसून सांगायची होती. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या यादीत महड आणि पाली सातवं आणि आठवं एवढंच होतं.

अर्धवट यात्रेचा दोष लागतो का, हे मला त्यांनी थेट विचारलं. मी म्हटलं, "काकू, धर्मशास्त्र मी सांगू शकत नाही. पण परंपरेनं ही यात्रा मोरगावला सुरू होऊन पुन्हा मोरगावलाच संपते ना? आठही झाले असते, तरी पुन्हा मोरगाव तुमच्या बेतात नव्हतंच. आणि कितीतरी घरं ही यात्रा टप्प्याटप्प्यानं करतात." त्यांनी मुलाकडे पाहिलं. पुन्हा मोरगावला यायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढचा बेत त्यांनी घरी बसून केला, माझी गरज नव्हती. फक्त दोन गोष्टी मी सांगितल्या होत्या. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं. आणि गाडी दर दीड तासाला थांबवायची, कुणी मागितलं नाही तरी. मागावं लागलं की बायका मागत नाहीत. कमोड असलेली दोन हॉटेलं कुठे आहेत हे नातीने फोन करून विचारून ठेवलं. मला ते फार आवडलं.

डिसेंबरमध्ये, एका रविवारी, फक्त महड आणि पाली. काकू पुढच्या सीटवर, नातू मधल्या रांगेत. नंतर मुलाचा फोन आला. "आईने ठरलेल्या थांब्यांशिवाय दोनदा गाडी थांबवायला लावली," असं त्याने सांगितलं, ते अगदी परीक्षेचा निकाल सांगावा तसं. पालीला बल्लाळाची गोष्ट चालली असताना नातू मध्येच झोपला म्हणे. काकूंनी ती पूर्ण केली, बाबा ऐकत होते.

मोरगाव अजून राहिलं आहे. त्याची तारीख या वेळी सासू-सुनेनं कॅलेंडर पुढ्यात घेऊन काढली आहे.