अडीच हजार वस्तीच्या गावात तरुणांसाठी रोजगार केंद्र सुरू करायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गाव बीड जिल्ह्यात आहे, वस्ती अडीच हजारांच्या आसपास, निम्मी घरं ऊसतोडीला जातात, बारावी-बीए झालेली मुलं घरी बसून आहेत. आणि ग्रामपंचायत समाजमंदिराच्या खोलीत संगणक वर्ग आणि शिवणक्लास काढायच्या विचारात आहे. त्यातून खरंच रोजगार मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं ग्रामीण कौशल्य प्रशिक्षणात काम करतो. सुरुवात मोबिलायझर म्हणून, म्हणजे गावोगाव फिरून प्रशिक्षणासाठी मुलं जमवण्यापासून केली, आता मुलांना नोकरीला लावणं आणि त्यानंतरचा पाठपुरावा बघतो. माझं मत असं की वर्ग लगेच काढू नका. आधी काम कुठे आहे ते शोधा, मग त्या कामापुरतं शिकवा. बहुतेक गावांत हे उलटं होतं: आधी मशिनं येतात, मग उद्घाटन होतं, आणि प्रमाणपत्रं वाटून झाली की खोलीला कुलूप लागतं.

काम शोधायला एक वही पुरते. प्रत्येक घरी एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षभरात कोणत्या कामासाठी बाहेरचा माणूस बोलावला, किंवा कोणती वस्तू घेऊन तालुक्याला जावं लागलं, आणि किती पैसे दिले? मोटार, ठिबक, फरशी, गोठ्याचं शेड, दुचाकी, मोबाईल, लग्नसराईतले ब्लाउज, पिठाची गिरणी, सीसीटीव्ही... यादी लांबत जाते. शेजारच्या चार-पाच गावांतही हेच विचारून घ्या, कारण एकट्या अडीच हजार वस्तीवर एखाद्या कारागिराचं बारमाही भागणार नाही, पाच गावांवर भागेल.

मोटारीचंच घ्या. रब्बीत ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन वेळी व्होल्टेज खाली-वर होतं आणि पाणबुडी मोटार जळते. शेतकरी चार माणसं लावून ती बोअरमधून वर काढतो, टेम्पोत टाकून तालुक्याला भरायला नेतो. तिथे आधीच दहा मोटारी रांगेत असतात. तीन-चार दिवस जातात, तोवर पीक माना टाकतं. आता त्या दुकानात काय चालतं ते नीट बघा. जळालेली तार काढायची, स्टेटरच्या खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, ठरलेल्या गेजची तांब्याची तार ठरलेल्या आट्यांनी भरायची, जोड द्यायचे, मग मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं. यातलं काहीही दहावी झालेल्या मुलाच्या आवाक्याबाहेरचं नाही. हात बसायला मात्र एक हंगाम लागतो. तो हंगाम त्याने त्याच दुकानात काढावा आणि त्या काळात त्याच्या घरचं भागेल अशी सोय करावी. तुमच्या केंद्राचं पहिलं काम हे असू शकतं. त्यात खोली, फलक, फीत यातलं काहीच लागत नाही.

सौर पंपांचंही तसंच. केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि २०२४ पासून महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून बसवलेल्या पंपांवर पुरवठादार कंपनीची पाच वर्षांची देखभाल असते. पण प्रत्यक्षात तक्रार केल्यावर माणूस येईपर्यंत शेतकरी फोन करून थकतो. तालुक्यात या कंपन्यांचं काम बघणाऱ्याला भेटा, पंचक्रोशीत माहीतगार मुलगा तयार असेल तर त्याला काम द्याल का, असं विचारा. होकार मिळाला तर प्रशिक्षणाला पाठवा.

कामातून शिकवण्याची ही पद्धत महाराष्ट्रात आधीच करून दाखवलेली आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले. दुष्काळी पट्टा. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली मुलं वर्षभर तिथे राहतात; वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं शिकतात, आणि शिकताना गावकऱ्यांची खरी कामं करतात. गेट बनवलं तर ते कुणाच्या तरी दारात लागतं, त्याचा हिशेब होतो, चुकलं तर गिऱ्हाईक बोलतं. त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता आहे. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की मुलगा एकाच कामात अडकत नाही. खेड्यात फक्त वेल्डिंगवर महिने निघत नाहीत. जो वेल्डिंग करतो, नळजोडणी करतो आणि गरज पडली तर वायरिंगही करतो, तो टिकतो. जमलं तर दोन-चार पोरांना घेऊन पाबळला एकदा जाऊन या.

आता सरकारी सोयींबद्दल. त्या भरपूर आहेत, त्यामुळे तुम्ही स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढायची घाई करू नका. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिला सगळे ‘आरसेटी’ म्हणतात. शेळीपालनापासून मोटार रिवाइंडिंगपर्यंत छोटे निवासी वर्ग, राहणं-जेवण फुकट. पंचवीस-तीस नावं पक्की असतील तर अनेकदा गावात येऊनही वर्ग घेतात. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचे वर्ग आहेत, ज्यात नोकरी मिळवून देणं संस्थेवर बंधनकारक असतं. २०२३ मध्ये प्रमोद महाजन यांच्या नावाने ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं राज्यात सुरू झाली. त्यातलं तुमच्या जवळचं कोणतं आणि तिथे सध्या काय चालू आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. फिटर-इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा, आणि दहावीत नापास झालेल्यालाही काही ट्रेडना प्रवेश मिळतो. हे कितीतरी घरांत माहीतच नसतं आणि पोरगं थेट ऊसतोडीचा कोयता हातात घेतं. आयटीआयनंतर महावितरण आणि एसटीच्या कार्यशाळा शिकाऊ उमेदवार घेतात, ते फॉर्म वेळेवर भरले जातील हे बघणंही केंद्राचंच काम. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्यातून अनुभव मिळतो तेवढा घ्यावा, पण पुढे तिथेच कायम होऊ या भरवशावर मुलांना बसू देऊ नका.

म्हणजे तुमची खोली हवी ती या सगळ्यांपर्यंत पोचवणारी. दाखले, राज्य सरकारच्या ‘महास्वयंम’ रोजगार पोर्टलवरची नोंदणी, आधार-बँक जोडणी, बायोडाटा, मुलाखतीचा निरोप. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आधारवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, एवढ्या कारणाने हातची नोकरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

ऊसतोडीचं गाव म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढलेला कोणताही वर्ग, ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना सोडूनच भरतो. वर्ग मे ते सप्टेंबरच्या दरम्यान ठेवा, आणि टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेण्याआधी त्या घरांत बोला. एकदा उचल घेतली की पोराला काहीही शिकवायचं म्हटलं तरी घर तयार होत नाही, कारण ते पैसे फेडायचे असतात. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं निघतात. ती यादी तुमच्या वहीशी ताडून बघा.

गावातल्या कामाने सगळ्यांचं पोट भरणार नाही. बरीच मुलं वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत जाणारच, आणि जावंही. माझा निम्म्याहून जास्त वेळ याच मुलांवर जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मुलगा कामाला लागला की सगळे हुश्श करतात, फोटो निघतो, फाइल बंद होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. समजा तो महिन्याच्या पाच तारखेला रुजू झाला. पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. मधले पस्तीस दिवस खायचं काय? खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, सेफ्टी शूज, कंपनीची बस चुकली तर रिक्षा. घरून आणलेले दोन-तीन हजार दहा दिवसांत संपतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगं एसटीत बसून परत येतं. गाव म्हणतं, ‘आजकालच्या पोरांना कष्ट नको.’ या वाक्याचा मला फार राग येतो. तो कष्टाला भ्यायलेला नसतो, त्याच्या खिशात वडापावला पैसे नसतात.

यावर उपाय गावातच आहे. बचत गटांच्या ग्रामसंघाकडून किंवा दहा-वीस जणांनी एकत्र येऊन पाच-सहा हजार रुपयांची बिनव्याजी उचल द्यायची सोय करा, पगार सुरू झाल्यावर चार हप्त्यांत परत. मुकादमाची उचल गावाला माहीतच आहे, ही गावाने गावच्या पोराला दिलेली असेल. दुसरं, आधीपासून तिथे असलेल्या गावच्याच कुणाच्या तरी खोलीवर पहिला महिना काढता येईल का ते बघा. आणि पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन करा. नोकरीबद्दल विचारण्याआधी जेवलास का, झोप होते का, रात्रपाळी झेपते का, हे विचारा.

जाण्याआधी पगाराचा कागद वाचायला शिकवा. ठेकेदार ‘अठरा हजार’ सांगतो तेव्हा ते बहुतेक वेळा कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च धरून असतं. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), कॅन्टीन, बस वजा जाता हातात किती येणार हे आधी लिहून घ्या. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, एकदा मिळाला की पुढच्या प्रत्येक नोकरीत तोच द्यायचा, नाहीतर जुने पैसे अडकतात. ईएसआयचं कार्ड निघालं की घरच्यांची नावं त्यात घालायची, म्हणजे आईचं आजारपणही त्यात बसू शकतं. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा दिसला, तर त्याची गोष्ट ग्रामसभेत सगळ्यांसमोर काढा. वर सांगितलेल्या सरकारी निवासी वर्गांना किंवा शिकाऊ उमेदवारीला पैसे पडत नाहीत.

मुलींच्या बाबतीत मी कोर्सआधी एसटीचं वेळापत्रक बघतो. तालुक्याच्या दुकानात किंवा दवाखान्यात काम सहाला सुटतं आणि गावाची शेवटची गाडी साडेपाचची असेल, तर कितीही चांगलं प्रशिक्षण दिलं तरी आई-वडील पाठवणार नाहीत, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे खर्चाची अडचण कमी झाली. वेळेची अडचण उरली. ग्रामपंचायतीने आगार व्यवस्थापकाकडे गाडीची वेळ बदलण्याचा ठराव द्यावा, पाठपुरावा करावा. शिवणक्लासला माझा विरोध नाही. पण बाजार बघून काढा: शाळेचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी, अशा ऑर्डरी आधी हातात घ्या आणि मग मशिनं आणा.

पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना कुणी तोडून बोलू नका. ती मुलं पहाटे उठून धावतात, कष्टाळू आहेत. त्यांच्याशी एवढंच ठरवा की तयारीसोबत हातात एक दुसरं काम यावं. वाहन परवाना हा त्यातला सोपा रस्ता आहे. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना झाला आणि वय २० पूर्ण असलं की अवजड वाहनाच्या परवान्याकडे जाता येतं. म्हणजे अठराव्या वर्षी हलका परवाना काढून ठेवला तर पुढे वर्षं वाया जात नाहीत.

शेवटी खोलीत बसणार कोण? सगळं यावर ठरतं. सरपंचांचा पुतण्या म्हणून कुणाला बसवू नका. जिला घरोघरी जाता येतं, जिचं मुलीही ऐकतात अशी बचत गटांचं काम बघणारी गावातलीच कार्यकर्ती, म्हणजे सीआरपी ताई, मिळाली तर उत्तम. नाहीतर शहरात चार वर्षं नोकरी करून परतलेला मुलगा. मानधन मात्र द्या, भले थोडं द्या. फुकटच्या कामाला कुणी जाब विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणाचा आणि ५ टक्के दिव्यांगांचा निधी बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीला कसातरी उरकला जातो. त्या त्या घटकांतल्या उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा आणि साहित्याचा खर्च त्यात बसतो का, ते ग्रामसेवकांसोबत बसून नियम वाचून ठरवा. वहीत एक रकाना सहा महिन्यांनंतरचा ठेवा: अजून कामावर आहे का, हातात किती येतात. किती जणांनी कोर्स केला, यापेक्षा मी तो रकाना आधी उघडून बघतो.

१ मेच्या ग्रामसभेपर्यंत ऊसतोडीची माणसं गावात परतलेली असतात. ठराव त्या दिवशी घ्या, आणि तोवर पाच गावांची वही भरून ठेवा, म्हणजे संगणक वर्ग काढायचा की मोटार भरायला पोरगा पाठवायचा याची चर्चा आकड्यांवर होईल. वही भरताना अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.