वाचकांचे प्रश्न : छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना मदत करताना

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांनी नायजेरियातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी पावणेदोन लाख रुपये गोळा केले आहेत. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून युरोपातल्या एखाद्या मदतसंस्थेला ते पाठवता येतील का? (वसई)

उत्तर : सरळ मार्गाने नाही. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, बँकेत जिला 'एलआरएस' म्हणतात, ती फक्त भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. ट्रस्टला किंवा कंपनीला ती लागू नाही. मग कुणीतरी सुचवतोच की सगळी रोकड एका कारभाऱ्याच्या खात्यात भरू आणि त्याच्या नावाने पाठवू. हे अजिबात करू नका. परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-२ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यासोबत 'हे पैसे माझे आहेत' असे सहीनिशी लिहून द्यावे लागते. चाळीस घरांचे पैसे एकाच्या नावाने गेले, की ते लिहून दिलेले खोटे ठरते आणि पुढची उत्तरे त्या बिचाऱ्याला द्यावी लागतात.

गोळा झालेले पैसे देणाऱ्यांना परत करा किंवा त्यांच्या संमतीने देशातल्या कामाला वळवा. ज्यांना बाहेरच पाठवायचे आहेत त्यांनी आपापल्या खात्यातून पाठवावेत. त्यासाठी पॅन, ए-२ फॉर्म, संस्थेचे पूर्ण नाव, तिच्या बँकेचा स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) आणि युरोपात खाते असेल तर आयबॅन हा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक लागतो. कारणाच्या रकान्यात परदेशी धार्मिक व धर्मादाय संस्थेला देणगी असा एस१३०३ हा कोड येतो. घाईत 'कुटुंबाचा निर्वाहखर्च' लिहू नका. एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो नंतर प्राप्तिकरात वळता होतो. परदेशी संस्थेच्या पावतीवर मात्र इथल्या करात सूट नाही.

रक्कम लहान असेल तर दर महिन्याला पाठवण्यापेक्षा वर्षातून एकदाच पाठवा. प्रत्येक खेपेला आपली बँक शुल्क घेते आणि मधली बँकही आपला हात मारते. फॉर्मवर खर्च कोण सोसणार ते विचारलेले असते. तिथे 'पाठवणारा' निवडले नाही, तर पोचणारी रक्कम कमी भरते.

यातले काहीच नको असेल, तर गुड फ्रायडेची झोळी आहेच. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशीची वर्गणी पवित्र भूमीसाठी जाते आणि तिच्यातून सीरिया, लेबनॉन, इराक इथल्या ख्रिस्ती लोकांनाही मदत होते. तुमच्या धर्मप्रांताने वर्गणी कधी आणि कुठे पाठवली हे धर्मगुरूंना विचारायला संकोच नको.

प्रश्न : जळालेल्या मृतदेहांच्या रांगांचा एक फोटो 'नायजेरियात ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळले' म्हणून फिरतो आहे. पुढे पाठवू का? (पुणे)

उत्तर : नको. या वर्णनाचा एक फोटो अनेक वर्षे फिरत आहे आणि तो काँगोतल्या सांगे गावचा आहे. जुलै २०१० मध्ये तिथे इंधनाचा टँकर उलटून पेटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. नायजेरियातले हल्ले खरे आहेत. ५ जून २०२२ रोजी ओवो इथल्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये पेंटेकॉस्टच्या मिस्साला गोळीबार झाला. पण एक खोटा फोटो उघडा पडला, की खऱ्या बातमीवरही लोक हसतात. आधी गूगल लेन्समध्ये फोटो टाकून तो पहिल्यांदा कधी आला ते पाहा.

फोटो खरा असला तरी त्यात चेहरे, घराची पाटी, शाळेचा गणवेश दिसतो का ते बघा. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोत जागेची नोंद तशीच राहू शकते.

प्रश्न : तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना पत्र लिहावे का? (नागपूर)

उत्तर : देश पाहून ठरवा. चीनमधल्या चेंगडूचे पाद्री वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. अशा ठिकाणी पत्र कैद्याच्या आधी अधिकारी वाचणार, हे धरूनच लिहा. सोपी चार वाक्ये आणि एखादे स्तोत्रवचन पुरे. सरकारवर टीका, मदतसंस्थेचे नाव, पैसे, कैद्याच्या सहकाऱ्यांची चौकशी यांतले काहीही नको. उत्तराची वाट पाहू नका.

पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात गोष्ट वेगळी. २००२ पासून तिथे ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम एवढ्यांनाच मान्यता आहे. बाकीच्या पंथांची माणसे खटल्याविना वर्षानुवर्षे डांबलेली असतात आणि कित्येकदा घरच्यांनाही ठावठिकाणा माहीत नसतो. तिथल्या कैद्यासाठी नवी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाला एक पानी, सभ्य भाषेतले पत्र लिहा. त्यात मागणी एकच ठेवा : आरोप सांगून खटला चालवा, नाहीतर सोडा. कैद्याचे नाव मात्र कुटुंबाने किंवा त्यांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेने आधी जाहीर केलेले असेल तरच घाला.