घरून होणारं काम आणि घरकाम

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बारावीत आहे, चित्रं काढते, गोष्टी लिहिते, तिला मुलांच्या पुस्तकांचं काम करायचंय आणि तुमची हरकत नाही. इथवर पत्र वाचून बरं वाटलं. पुढचं वाक्य खटकलं: ‘लग्नानंतर घर सांभाळून करता येईल असा कोर्स सुचवा.’ तिचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे म्हणता. त्याची शाखा निवडताना हा प्रश्न कुणाला विचारला होतात का? तिच्या कमी मार्कांची मला काळजी नाही, या अटीची आहे. होकार देतानाच तुम्ही तिचं काम दुय्यम ठरवून टाकलंत.

प्रवेशाचं म्हणाल, तर बीएफएसाठी, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी, एमएएच-एएसी सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड (आयआयटींमधल्या डिझाइन अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा) किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेश परीक्षा.

घरून करता येणारं काम घरकामातून उरलेल्या वेळात उरकता येतं, हा फार मोठा गैरसमज आहे. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धवट सोडून दार उघडायला गेलं, की परत येईपर्यंत रंगाची कड वाळते आणि आकाशाच्या मधोमध रेघ उठते. मग तो कागद बादच. ३२ पानांचं चित्रपुस्तक म्हणजे पानापानाचे कच्चे आराखडे, संपादकाच्या दुरुस्त्या, मग पक्की चित्रं. यात महिने जातात आणि तारीखही पाळावी लागते. लिहिणारीचं आणखी अवघड. ती विचार करत बसलेली असते, पण घरच्यांना रिकामी दिसते. ‘बसलीच आहेस तर जरा एवढं कर’ या एका वाक्याने किती लेखन बुडालं असेल!

सुरुवातीला मिळकत अनियमित असते, हे खरं. म्हणून आधी एखाद्या स्टुडिओत किंवा प्रकाशन संस्थेत नोकरी करावी, असं माझं मत आहे. फक्त करार नीट वाचायला तिला आत्ताच शिकू द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. पैसे घेऊन कुणाच्या मागणीवरून रंगवलेल्या चित्राचंही तसंच.

लग्नाचं तिचं ती बघेल. भावाच्या परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही बंद असतो आणि त्याला कुणी हाक मारत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. रोजचे दोन तास तिच्यासाठीही तसेच राखा, या आठवड्यापासूनच.