बाल्कनी, गॅलरी, सज्जा: घरातली कुठली आणि थेटरातली कुठली?

प्रश्न थोडक्यात असा होता: "बाल्कनी हा शब्द मूळचा फारसी 'बालाखाना', तो इथून युरोपात गेला आणि साहेबाबरोबर परत आला, हे खरं का? आणि आम्ही घरात कायम 'गॅलरी' म्हणतो, तर मुलगा म्हणतो ते चूक आहे, गॅलरी चित्रांची असते नाहीतर मोबाइलमधली. मग सज्जा म्हणायचं का?"

मुलाला सांगा की आई बरोबर आहे. का ते सांगतो, पण आधी तो बालाखाना निकालात काढू.

फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. आपला बालेकिल्ला म्हणजे गडावरचा वरचा किल्ला, बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. तसाच बालाखाना म्हणजे वरची खोली, माडी. अर्थ जवळचा, उच्चार जवळचा, आणि वर आपला शब्द तिकडे गेला याचा आनंद, मग काय, पटायला वेळ लागत नाही, जुन्या काळी युरोपातल्या काही कोशवाल्यांनाही हे पटलं होतं. पण इंग्रजीत हा शब्द इटालियनमधून आला आणि इटालियनमध्ये तो 'बाल्कोने' असा आहे, म्हणजे 'बाल्को' ला 'ओने' जोडलेलं. हा 'ओने' तिकडे मोठेपणा दाखवायला लागतो, साला म्हणजे दालन आणि सालोने म्हणजे मोठं दालन, आपलं सलून त्याच घरातलं. राहिला 'बाल्को', तर तो म्हणजे लाकडी मचाण, फळ्यांचा माळा, आणि तो जर्मन कुळातल्या तुळईच्या शब्दावरून आलेला. आजही जर्मनमध्ये 'बाल्केन' म्हणजे तुळईच. सहाव्या शतकात लोंबार्ड नावाच्या जर्मन कुळातल्या टोळ्या इटलीत घुसल्या आणि तिथेच राहिल्या, त्यांच्या बोलीतून असे बरेच शब्द इटालियनमध्ये मुरले, त्यातलाच हा एक. आणि गंमत अशी की आजच्या इराणमध्ये बाल्कनीला 'बालकोन' म्हणतात आणि तो त्यांनी फ्रेंचांकडून घेतलाय! शब्द त्यांच्याच घरचा असता तर उसना कशाला आणला असता? (बाल्कन देशांचाही याच्याशी काही संबंध नाही, तो तुर्की शब्द आहे, डोंगराचा. कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

तुळईवरून बाल्कनी हे मला तर फार आवडतं, कारण वस्तू नेमकी तशीच आहे. माळ्याच्या तुळया भिंतीपाशी न थांबवता दोन-तीन फूट बाहेर काढायच्या, त्यावर फळ्या ठोकायच्या, कडेला कठडा, झाली बाल्कनी. आता लाकूड जाऊन काँक्रीट आलं तरी तत्त्व तेच. फक्त साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते आणि बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीत ती वरच्या अंगाला लागते, कारण ताण वर येतो. स्लॅब भरताना कामगार त्या सळयांवर नाचून त्या खाली दाबून टाकतात आणि मग काही वर्षांनी बाल्कनी मान टाकते. आमच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये हे झालेलं बघितलंय, नाव घेत नाही.

इंग्रजीत हा शब्द येतो १६१० नंतर. म्हणजे शेक्सपिअरने ज्युलिएटला ज्या जागी उभं केलं तिथे बाल्कनी नव्हतीच, त्याच्या नाटकात खिडकी आहे, बाल्कनी हा शब्द एकदाही नाही. बाल्कनी नंतरच्या रंगभूमीने आणि चित्रकारांनी दिली. इटलीत व्हेरोनाला पर्यटक जी 'ज्युलिएटची बाल्कनी' बघायला रांगा लावतात ती १९३०च्या दशकात त्या घराला चिकटवलेली आहे. आणि आता बिल्डर लोक 'ज्युलिएट बाल्कनी' म्हणून जे विकतात ते काय असतं तर जमिनीपर्यंतची खिडकी आणि तिला बाहेरून गज, पाय ठेवायला एक इंचही जागा नाही. म्हणजे तिला तेव्हाही बाल्कनी नव्हती आणि तिच्या नावाने जी खपते तीही बाल्कनी नाही. उच्चाराचंही एक सांगतो, इंग्रज लोक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत 'बाल्कोऽनी' असं मधल्या अक्षरावर जोर देऊन म्हणायचे, अगदी इटालियन वळणाने, आणि नवा उच्चार आला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. त्यामुळे आजी 'बालकोनी' म्हणत असेल तर हसू नका.

आता गॅलरी. युरोपात गॅलरी म्हणजे मुळात लांबलचक, अरुंद, छप्पर असलेली येण्याजाण्याची जागा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खांब नाहीतर खिडक्या. मोठ्या वाड्यांमधून अशा गॅलऱ्यांच्या भिंतीवर चित्रं टांगायचे, म्हणून ती चित्रांची गॅलरी झाली आणि तिथून मोबाइलमध्ये शिरली. म्हणजे मुलगा म्हणतो तो अर्थ नातवंड आहे. आता गिरगावातली, लालबागची जुनी चाळ डोळ्यापुढे आणा. एका रांगेत खोल्या आणि त्यांच्या समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली सामाईक, लाकडी कठड्याची गॅलरी. मूळ अर्थाने याहून चोख गॅलरी सापडणार नाही! तिथेच पाण्याचं पिंप, तिथेच वाळत टाकलेले कपडे, रात्री तिथेच अंथरूण, भाजीवाला आला की कठड्यावरून दोरीने पिशवी खाली, आणि अनंत चतुर्दशीला सगळी चाळ त्याच कठड्याला टेकलेली. माझा अंदाज असा की चाळीतला माणूस डोंबिवली-ठाण्याला ब्लॉकमध्ये राहायला गेला तेव्हा घराबरोबर शब्दही टेम्पोत टाकून घेऊन गेला. तिकडे त्याला मिळाली चार बाय आठची स्वतःची बाहेर काढलेली जागा, बांधकामाच्या भाषेत बाल्कनी, पण तो आणि त्याची बायको तिला गॅलरीच म्हणणार ना, कपडे तिथेच वाळतायत, खाली डोकावायचंय तिथूनच. माझ्या घरात अजून 'गॅलरीचा दिवा लाव' हेच चालतं, बाल्कनी म्हटलं की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं.

आणि म्हणूनच मराठीत अशी वाटणी झाली की घराची ती गॅलरी आणि थेटरातली ती बाल्कनी. आता इंग्रजीत बघा, घराची बाल्कनी आणि नाटकाच्या थेटरात सगळ्यात वरची, सगळ्यात स्वस्त ती गॅलरी. आपण बरोब्बर उलटं केलंय. त्यांच्याकडे 'गॅलरीसाठी खेळणे' म्हणजे स्वस्तातल्या टाळ्यांसाठी खेळणे. मराठी नाटकवाले तेच सांगायला म्हणतात 'पिटातल्या प्रेक्षकाला खूष करणे' (पिट म्हणजे खालची स्वस्त जागा), म्हणजे वाक्प्रचार तोच पण बोट वर दाखवायच्या ऐवजी खाली दाखवलं.

हे का झालं ते बघायला थेटरात शिरावं लागेल, आणि इथे खरी मजा आहे. लंडनमध्ये १६००च्या सुमाराला उघड्या अंगणासारखं नाट्यगृह असायचं, खाली मातीत उभं राहून बघायला एक पेनी, आणि भोवतीच्या तीन मजली गॅलऱ्यांमध्ये छपराखाली बसायचं तर आणखी एक पेनी, उशी हवी तर तिसरी. म्हणजे तेव्हा वर महाग, खाली स्वस्त. पुढे बंदिस्त थेटरं आली, खालचा तो पिट, त्यात बाकं आली, वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांचे बॉक्स (त्याला इटालियनमध्ये 'पाल्को' म्हणतात, तो आपल्या 'बाल्को'चाच भाऊ), आणि गरीब माणूस सरकत सरकत पार छताला जाऊन टेकला. तिथून नटाचं डोकं दिसतं, चेहरा नाही. इंग्रज त्या जागेला 'देवांची जागा' म्हणतात, इतकी उंच, फ्रेंच एकतर 'स्वर्ग' म्हणतात नाहीतर चक्क 'कोंबड्यांचं खुराडं'. पहिल्या मजल्याला ड्रेस सर्कल नाव पडलं कारण तिथे संध्याकाळचा ठेवणीतला पोशाख करूनच बसायचं. एकोणिसाव्या शतकात मालकांच्या लक्षात आलं की रंगमंचाजवळची खालची जागा सोन्याची आहे, मग पिटातल्या लोकांना मागे रेटत तिथे गाद्यांच्या खुर्च्या घातल्या, त्या म्हणजे स्टॉल. लंडनच्या हेमार्केट थेटरात १८८० साली पिट सरळ रद्दच केला तर पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की पडदा वर जाईना. मिलानच्या स्काला ऑपेरात मात्र वरच्या गॅलरीतले लोक आजही सगळ्यात खडूस समजले जातात, २००६ साली त्यांनी हुर्यो केली तेव्हा एक नावाजलेला गायक चालू प्रयोगातून निघून गेला आणि दुसऱ्याला साध्या कपड्यात उभं राहून गावं लागलं. स्वस्त तिकीट म्हणजे अडाणी प्रेक्षक असं काही नसतं.

मग सिनेमा आला आणि दर पुन्हा उलटले. नाटकात नटाचा चेहरा हवा म्हणून पुढची रांग महाग, पण सिनेमात पडदाच एवढा मोठा की पुढे बसलं तर मान मोडते आणि हिरोच्या नाकपुड्या दिसतात. त्यामुळे मुंबईच्या रीगल (१९३३), लिबर्टी (१९४९), मराठा मंदिर (१९५८) अशा थेटरांत बाल्कनी म्हणजे मानाची जागा, खाली अप्पर स्टॉल, लोअर स्टॉल, आणि शिट्ट्या पुढून. 'आज बाल्कनीचं तिकीट काढलंय' यात जी ऐट होती ती ज्यांनी बघितली त्यांनाच कळेल, नवीन लग्न झालेली जोडपी बाल्कनीतच जायची आणि मामा आला तरच आम्हाला बाल्कनी. वरच्या मजल्याच्या पाठीमागच्या भोकातून प्रोजेक्टरचा झोत डोक्यावरून जायचा, त्यात सिगरेटचा धूर. बाल्कनी हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आला तो असा, श्रीमंतीचा वास घेऊन. मग तो कपडे वाळत घालायच्या जागेला कोण लावणार?

पण त्याच माणसाने पुण्यात बालगंधर्वला (१९६८) नाटक बघायचं म्हटलं की बाल्कनी सगळ्यात स्वस्त, कॉलेजची पोरं तिकडे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेसाठी प्लॅन उघडल्या सकाळी, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते तेव्हा, लाइन. म्हणजे एकाच माणसाकडे एकाच शब्दाला दोन भाव. मल्टिप्लेक्समध्ये आता बाल्कनीच नाही, आख्खा हॉलच पायऱ्यापायऱ्यांचा, पण मागच्या रांगा महाग ही सवय मात्र तशीच राहिलीय.

गॅलरीचा एक तिसरा अर्थ मराठीत ठणठणीत आहे, विधानभवनातली प्रेक्षक गॅलरी, पत्रकार गॅलरी. ८ एप्रिल १९२९ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले ते अशाच प्रेक्षक गॅलरीतून.

आता सज्जा. हा हिंदी 'छज्जा'चा भाऊ, आणि छज्जा आला झाकणं या अर्थाच्या 'छद्' धातूच्या घरातून, म्हणजे त्यात मूळ कल्पना आच्छादनाची, पुढे आलेल्या छपराची. बांधकामावर आजही खिडकीवरच्या पावसाच्या फळीला छज्जाच म्हणतात. पुढे आलेलं छप्पर आणि पुढे आलेला मजला यात भाषेने फार फरक केला नाही, म्हणून वाड्याचा सज्जा म्हणजे बाल्कनी असा अर्थ बसला. शब्द देखणा आहे, ऐतिहासिक कादंबरीत राणीसाहेब सज्जात उभ्या राहिल्या तर शोभतं, पण 'सज्जात टॉवेल वाळत घातलाय' म्हणून बघा, तुम्हालाच हसू येईल. झरोका वेगळा, तो भिंतीतून पुढे आलेला कोरीव खिडकीवजा भाग. अकबर रोज सकाळी झरोक्यात येऊन लोकांना दर्शन द्यायचा, औरंगजेबाने ती प्रथा बंद केली, आणि १९११च्या दिल्ली दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज लाल किल्ल्याच्या झरोक्यात जाऊन बसला. त्याला ते नवीन नसणार, लंडनच्या राजवाड्यात बाल्कनीतून हात हलवायची पद्धत त्याच्या आजीने, व्हिक्टोरियाने, १८५१ पासून पाडलेलीच होती. गच्ची तर अजून वेगळी, फारसीत 'गच' म्हणजे चुना, चुन्याने पक्की केलेली वरची मोकळी जमीन ती गच्ची. तिला बाल्कनी म्हणू नये.

गोव्यात जाल तर मात्र गोंधळाल. तिथे पोर्तुगीजांनी त्याच घराण्यातला 'बाल्कांव' ठेवलाय पण तो हवेत लटकत नाही, जमिनीवरच आहे, घराच्या पुढच्या दाराशी चार पायऱ्या, वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना बांधलेली बसायची बाकं, त्याला सोपो म्हणतात. संध्याकाळी तिथे बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची विचारपूस होते. आमच्याकडे याला ओटा म्हणाले असते. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द दुकानाच्या काउंटरलाही लागतो, म्हणजे तुळई कुठून कुठे गेली बघा.

राहता राहिली फ्लॅटची जाहिरात. तिथे बाल्कनी, टेरेस, ड्राय बाल्कनी असे सगळे प्रकार असतात, त्यातली ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघराला लागून भांडी घासायची आणि वॉशिंग मशीनची जागा, घरातली सगळ्यात ओली! नाव कपडे सुकवण्यावरून पडलं असावं. घरखरेदीच्या रेरा कायद्यात (२०१६) कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, तेव्हा दर विचारताना हे वेगळं विचारा. आणि मुंबईत जानेवारी २०१२ला नियम बदलून बाल्कनी एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधायचं त्या हिशेबात) मोजायला लागले, त्याआधी ती ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट धरायचे, म्हणून तर त्या काळच्या प्रत्येक बिल्डिंगला बाल्कनी आहे आणि प्रत्येकाने ती काच लावून आत घेतलीय. आमची पण घेतलीय, तिथे आता सोफा आहे आणि टीव्ही आहे. तरी फोन कुठे ठेवलाय विचारलं की उत्तर येतं, "गॅलरीत."

हो, अनेकवचन राहिलंच. बाल्कन्या आणि गॅलऱ्या. 'बाल्कनीज' लिहू नका.