पेटीतला कागद आणि दोन रमाबाई

प्रश्न : माझ्या पणजीच्या पेटीत पुणे सेवासदनाच्या नर्सिंगच्या वर्गाचा एक जुना कागद सापडला. ती बालविधवा होती. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेला आश्रम तो हाच का? आश्रमात ठेवून घेण्याच्या बदल्यात तिथे बायकांना रुग्णसेवा करायला लावत का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. दोन रमाबाईंची गल्लत तुम्हीच करता असं नाही, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ती हमखास असते. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, १८८९चं, मुंबईत निघालेलं. सेवासदन रमाबाई रानड्यांचं. त्यांचे यजमान न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली गेले, तेव्हा त्या मुंबई सोडून पुण्याला मंडईजवळच्या वाड्यात आल्या आणि वर्षभर लोकांत मिसळल्याच नाहीत. मग हळूहळू ससून रुग्णालयात रोग्यांना आणि येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या. मुंबईत १९०८ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढलं, त्याच्या अध्यक्ष याच. पुण्याचं २ ऑक्टोबर १९०९ला सुरू झालं, तेही रानड्यांच्याच वाड्यात. कारभाराला गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर होते.

आता नर्सिंग. मी स्वतः ३४ वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. ससूनच्या वॉर्डात कुठल्या जातीचा रोगी खाटेवर आहे हे विचारून त्याचं अंग पुसता येत नाही, बेडपॅन देता येत नाही. सोवळ्यात वाढलेल्या विधवेला हे करायचं होतं, वर रात्रपाळी. रात्री घराबाहेर राहणारी बाई म्हटल्यावर लोक काय बोलत, ते लिहायला नको. १९७४ साली माझं लग्न झालं. मी ड्यूटीवरून आले की सासूबाई मागच्या दाराशी पाण्याची बादली आणि धुतलेलं लुगडं ठेवून बसलेल्या असत. तिथेच अंघोळ, मग स्वयंपाकघर. त्या प्रेमळ होत्या, तरीही. तुमच्या पणजीच्या वेळी तर बादली ठेवायलाही कुणी तयार नसणार.

म्हणून वसतिगृहं लागली. १९१५ साली संस्थेची नोंदणी झाली, काम वाढलं, अध्यापिका विद्यालय निघालं. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक आणि शिकाऊ नर्सेससाठी एक अशी निराळी वसतिगृहं झाली. पणजी राहिली असेल तर बहुधा अशा ठिकाणी, आश्रित म्हणून नव्हे, विद्यार्थिनी म्हणून.

सेवा करायला लावण्याचं म्हणाल, तर बाहेरची सेवा होती ती स्वयंसेविकांची. १९१३च्या गुजरात-काठेवाडच्या दुष्काळात रमाबाई रानड्यांनी मदतीचं काम केलं, आणि आळंदीच्या यात्रेत त्या स्वयंसेविकांना घेऊन जात. यात्रेतल्या बायकांच्या मदतीला बायकाच उभ्या, हे तेव्हा नवं होतं. मला त्यांचं हे काम शाळा काढण्याहून अवघड वाटतं. शाळेला निदान भिंती असतात.

कागदावरचं साल नीट पाहा. रमाबाई १९२४मध्ये गेल्या, त्याआधीचा असेल तर तो त्यांच्या हयातीतला. लक्ष्मी रस्त्यावर संस्था आजही आहे, तिथे जाऊन दाखवा. आणि कृपा करून तो लॅमिनेट करू नका. आमच्याकडचा एक असाच गेला.