रचनावाद म्हणजे ‘सगळं मनातच’ नव्हे

तुमचे प्रश्न दोन. राष्ट्रांचं वागणं कल्पना आणि अस्मिता यांतून घडतं असं आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातला रचनावाद म्हणतो, तर मग क्षेपणास्त्रं, पैसा, सैन्य यांना काहीच अर्थ नाही का? आणि प्रबंधात हे दाखवायचं कसं?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. अर्थ आहेच, पण तो शस्त्रावर कोरलेला नसतो. रचनावादी अभ्यासक अलेक्झांडर वेंटचं उदाहरण आहे: ब्रिटनच्या 500 अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या 5 अण्वस्त्रांची अमेरिकेला जास्त धास्ती वाटते. नुसती संख्या मोजून हे उलगडत नाही; कोण मित्र आणि कोण शत्रू, या समजुतीतून शस्त्राला अर्थ येतो.

खरा कस लागतो तो दुसऱ्या प्रश्नात. ‘या देशाची अस्मिता शांततावादी, म्हणून तो युद्धात उतरला नाही’ अशी वाक्यं मी कितीतरी मसुद्यांत वाचली आहेत. अस्मिता कशावरून ठरवली? तो उतरला नाही यावरून! मग सिद्ध काय झालं?

त्यापेक्षा असा माणूस शोधा, ज्याला एखादा संकेत, म्हणजे सगळ्यांनी मानलेला अलिखित नियम, जाचतो आहे. मार्च 1953. कोरियात युद्ध चालू आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या इतिवृत्तात नोंद आहे, की अण्वस्त्रांच्या वापराभोवतीचा ‘टॅबू’, म्हणजे ‘हे करायचंच नाही’ असा निषेध, काहीही करून मोडायला हवा, यावर अध्यक्ष आयझेनहॉवर आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांचं एकमत आहे. हा शब्द टीकाकारांचा नाही, ज्यांच्या हातात बॉम्ब होता त्यांच्याच बैठकीतला आहे. मोडायची इच्छा असणाऱ्यालाच ती भिंत लागते, याहून चांगला पुरावा कुठला? अर्थात बॉम्ब पडला नाही तो केवळ टॅबूमुळे, असं लगेच लिहू नका. मित्रराष्ट्रांचा विरोध होता, सोव्हिएत प्रत्युत्तराची भीती होती. राज्यशास्त्राच्या अभ्यासक नीना टॅननवाल्ड यांनी या विषयावर काम करताना ही पर्यायी कारणंही तपासली. तुम्हालाही ते चुकणार नाही.

विषय अजून पक्का नसेल तर भूसुरुंगबंदीचा करार घ्या, 1997 चा. त्यात 2012 साली सामील झालेल्या फिनलंडनं 2025 मध्ये बाहेर पडायचं ठरवलं. रशियाची भीती हे कारण उघड आहे, तिथे थांबू नका. आत येताना संसदेत कोणती भाषा होती आणि बाहेर पडताना कोणती, ही दोन्ही भाषणं शेजारी ठेवून वाचा. जबाबदारीनं वापरू, नागरिकांना जपू, असं कोणी सांगत असेल तर त्या ओळीखाली खूण करा. करार सोडल्यावरही ते कोणाला आणि कशाची हमी देत आहेत, तिथूनच तुमचं पहिलं प्रकरण सुरू होतं.